गॅपच्या वाटेवरची टिपणं

मलेशियात मोटरसायकलला टोल नाही. मोठ्या हायवेच्या नाक्यावर अगदी डाव्या कडेला एक चिंचोळी पट्टी असते, तिथून वेग कमी करून सरळ निघून जायचं. क्वालालंपूरच्या फेडरल हायवेलगत तर दुचाक्यांसाठी वेगळी लेनच आहे. उड्डाणपुलांखाली पाऊस ओसरेपर्यंत उभं राहायला आडोसे केलेले दिसतात. पुण्याला दुचाक्यांचं शहर म्हणवून घ्यायची भारी हौस. पण पाऊस आला तर दुचाकीवाल्याने उभं कुठे राहायचं, हा प्रश्न आपल्याकडे अजून कुणाला पडलेला नाही.

*

डिसेंबर 2023पासून भारतीय पर्यटकांना मलेशियाचा व्हिसा लागत नाही. त्यामुळे मे महिन्यात बाटू केव्हजच्या पायथ्याशी "अगं, पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?" अशा हाका सर्रास ऐकू येतात. मुरुगनचा 42.7 मीटर उंच सोनेरी पुतळा आणि त्याच्या बाजूने वर जाणाऱ्या 272 रंगीत पायऱ्या. आई गुडघ्यांची तक्रार पुण्याहून बरोबर घेऊन आली होती. पायऱ्या बघितल्यावर ती खालीच ठेवली आणि चढली. वर गेल्यावर माकडांनी लेकीच्या हातातला चिप्सचा पुडा पळवला, हीच तिच्या मते त्या दिवसाची मुख्य घटना.

*

कुटुंबाच्या सहलीत स्वतःसाठी एक दिवस मागायचा, तर आधी त्याचा भाव ठरतो. लेकीने गेंटिंगच्या थीम पार्कला माझ्यासह एक अख्खा दिवस मागून घेतला. बायकोने काहीच मागितलं नाही. "जा बाई तू. एकदाची मला तुझं तोंड न बघता खरेदी करायचीय." इतक्या आनंदाने परवानगी मिळाली की जरा लागलंच.

आई मात्र अडली.

"एकटाच? परक्या मुलखात?"

"आई, इथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालवतात."

"डावी-उजवी नाही विचारली मी."

*

गाडी अडीचशे सीसीची, भाड्याची, टायर बरे. आरटीओतून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना दुकानदाराने दोनदा उलटून पाहिला, मोटरसायकलच्या रकान्यावरचा शिक्का बोटाने तपासला, मगच किल्ली दिली. जाणार कुठे, असं विचारलं. फ्रेझर्स हिल, म्हणजे डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण, म्हटल्यावर घड्याळाकडे बघत एवढंच म्हणाला, की दोनच्या आत खाली उतरायला लागा.

*

रावांग सोडलं की दोन्ही बाजूंना हिरवंगार. पाहुणा खूश होतो: आलं वाटतं जंगल. नीट बघितलं की कळतं, सगळी झाडं एकाच उंचीची, एकाच अंतरावर आणि सरळ रांगेत. तेलताडाची लागवड. मलेशियातला पहिला व्यापारी मळा 1917 साली आंरी फोकोनिए नावाच्या एका फ्रेंच माणसाने सेलांगोरमध्ये लावला. हाच गृहस्थ पुढे 1930 साली मलायावरच्या कादंबरीसाठी गोंकूर पारितोषिक घेऊन गेला. मळेवाल्याला साहित्याचं पारितोषिक मिळाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

या रांगांकडे नाक मुरडायचा अधिकार आपल्याला फारसा नाही. जगात सर्वांत जास्त पामतेल विकत घेणारा देश आपलाच. आमच्या सामानातली चकली, बाकरवडी आणि बिस्किटं यांच्यामागे ही झाडं उभी होती, आणि हॉटेलच्या खोलीत आई तीच सगळ्यांना वाटत होती.

*

क्वाला कुबू भारू. डोंगराच्या पायथ्याचं टुमदार गाव. जुनं गाव जरा पलीकडे होतं. 1883 साली तिथला बंधारा फुटून मोठी प्राणहानी झाली. पुढे वरच्या कथिलाच्या खाणींतून वाहून आलेल्या गाळाने नदीचं पात्र भरत गेलं आणि गाव पुन्हा पुन्हा पाण्याखाली जाऊ लागलं, तेव्हा 1930च्या सुमारास उंचावर आखीव-रेखीव नवं गाव वसवलं. मधे हिरवळ, कडेला दुकानं, दुकानांपुढे सावलीचा पट्टा.

रोटी चनाई आणि तेह तारिक. दुकान तमिळ मुसलमानाचं. मैद्याचा गोळा हवेत फिरवून पातळ करतो, दुमडतो, तव्यावर टाकतो, आणि भाजून झाला की दोन्ही तळव्यांनी टाळी वाजवल्यासारखा चुरगाळून पदर सुटे करतो. वर डाळीची पातळ आमटी. आजोबा रबराच्या मळ्यावर आले, म्हणाला. कुठून? "मद्रास साइड." त्याहून नेमकं त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती.

पेट्रोल इथेच भरून घ्या, असं सगळे सांगतात. पंपावर आधी आत जाऊन पैसे द्यायचे, मग आपल्या हाताने भरायचं.

*

गावाबाहेर पडलं की सेलांगोर धरणाचा जलाशय लागतो. पाणी निळं, थांबून फोटो काढण्याजोगं. राजधानी आणि आसपासचा मुलूख सेलांगोर नदीचं पाणी पितो. त्यासाठी तेमुआन या आदिवासींच्या दोन वस्त्या हलवल्या. कोयनेच्या आणि वरसगावच्या काठावर फोटो काढणाऱ्यांना यात नवीन काहीच नाही.

*

आता घाट. फेडरल रूट 55, दोन पदरी, अरुंद, वळणावर वळण. क्वालालंपूरच्या सायकलवाल्यांचा आणि मोटरसायकलवाल्यांचा हा आवडता रस्ता. मधल्या वारी मात्र ओस. डावीकडे झाडीची भिंत, उजवीकडे झाडीची भिंत, वर फांद्यांचं छत. इतकी दाट की हात घातला तर कोपरापर्यंत जाणार नाही. याला म्हणतात वर्षावन, असं मनाशी म्हणत मी बराच वेळ चालवत राहिलो.

तर तसं नाही. ती भिंत रस्त्याने बांधलेली आहे.

जंगल मुळात अंधाराचं असतं. वरच्या छतातून जमिनीपर्यंत शंभरातला एखाद-दुसरा टक्का उजेड पोचतो. त्यात रस्ता काढला की झाडं जातात आणि उन्हाची एक लांबलचक पट्टी उघडी पडते. या संधीवर टपलेल्या वनस्पती धावून येतात: कातळ झाकणारं नेच्यांचं रान, रानकेळी, बांबू, वेली, आणि मोठमोठ्या ढालीएवढ्या पानांची माकारांगा, म्हणजे आपल्या कोकणातल्या चांदाड्याची भावंडं. यातल्या काही माकारांगांच्या पोकळ फांद्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना राहायला जागा आणि खायला खाऊ देतं, मुंग्या पानं कुरतडणाऱ्यांना हुसकावतात. हे सगळं मिळून ती भिंत. गाडीवरून जाणाऱ्याला "घनदाट अरण्य" म्हणून दिसतं ते हे. जंगलाच्या जखमेवर धरलेली खपली बघून आपण घरी येतो आणि जंगल बघितल्याचं सांगतो.

*

घाटात एका वळणाजवळ पाटी आहे. 6 ऑक्टोबर 1951. मलायाचा ब्रिटिश हाय कमिशनर सर हेन्री गर्नी शनिवार-रविवार घालवायला बायकोसह फ्रेझर्स हिलला निघाला होता. सोबतच्या ताफ्यातली एक गाडी वाटेत बंद पडली, तरी तो न थांबता पुढे आला. वळणावर ब्रिटिशांविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट गनिम दबा धरून बसले होते. गोळीबार सुरू झाल्यावर गर्नी आपली रोल्स रॉइस सोडून बाहेर उतरला, कडेच्या बांधाकडे चालू लागला आणि तिथेच मारला गेला. गाडीत तळाशी पडून राहिलेली बायको आणि सचिव वाचले. गोळीबाराचा रोख स्वतःकडे वळावा म्हणून तो मुद्दाम उतरला, असं पुढे म्हटलं गेलं. कम्युनिस्टांचा पुढारी चिन पेंग याने म्हाताऱ्या वयात सांगून टाकलं, की गर्नी येणार हे त्यांना ठाऊकच नव्हतं; कुणीतरी मोठा येईल म्हणून बसले होते.

बायकोबरोबर सुट्टीवर निघालेला माणूस, हे वाचून मी तिथे अंमळ जास्तच रेंगाळलो.

दबा धरायला जागा दिली ती याच कडेच्या झाडीने. आतल्या उंच जंगलात खाली बरीच मोकळीक असते, तिथे अशी लपण नाही. ब्रिटिशांनाही हे उमगलं होतं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रस्त्यांच्या कडेची झाडी मारायला रासायनिक तणनाशकं फवारून पाहिली. त्यातलं 2,4,5-टी हे रसायन पुढे अमेरिकेने व्हिएतनाममध्ये ओतलेल्या 'एजंट ऑरेंज'च्या मिश्रणातही होतं. रस्ता काढायचा, रस्त्यामुळे रान माजणार, मग रान मारायला विष. आज ते रान पुन्हा पाटीपर्यंत आलेलं आहे.

*

द गॅप. डोंगररांगेतली खिंड. इथून वर फ्रेझर्स हिलपर्यंतचे आठेक किलोमीटर म्हणजे एकावेळी एकाच दिशेने जाता येईल असा जुना रस्ता. कित्येक वर्षं इथे फाटक असे: ठरावीक वेळ वर जाणाऱ्यांची, मग ठरावीक वेळ उतरणाऱ्यांची. वाट बघणाऱ्यांसाठी विश्रामगृहसुद्धा बांधलेलं.

गाडी बंद केली आणि हातमोजे काढून टाकीवर ठेवले. आत घाम. थोड्या वेळाने एक फुलपाखरू आलं, काळं, त्यावर हिरवट-निळी पट्टी. मोज्याच्या अंगठ्यावर बसलं आणि सोंडेची गुंडाळी सोडून शिवणीच्या दोऱ्यात घातली. काढली, बोटभर पुढे सरकलं, पुन्हा घातली. पंख सारखे थरथरत होते, पाय मात्र घट्ट. मग दुसरं आलं. या पावसाच्या मुलखात पाण्याला तोटा नाही, मिठाला आहे. पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेतो, पानांत ते फारसं उरत नाही, म्हणून नर फुलपाखरं ओल्या मातीवर, मुतारीच्या कडेला, मेलेल्या प्राण्यावर, जिथे मिळेल तिथे मीठ शोषतात आणि मिलनाच्या वेळी मादीला पोचवतात. मोजे परत घालायला मला बराच वेळ थांबावं लागलं.

*

एका ओढ्याजवळ पायवाट दिसली. ती भिंत ओलांडायला जेमतेम वीसेक पावलं. तेवढ्यात वेताच्या आकड्यांनी बाही दोनदा धरली. आणि पलीकडे एकदम मोकळं. चालता येतं. खाली बारीक रोपं, मधे सरळसोट खोडं, पहिली फांदी कुठे आहे ते मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी नक्की सांगता येत नाही. पायाखाली पालापाचोळ्याचा थर अगदी पातळ. आपल्याकडच्या जंगलात पाय बुडतो तसा नाही. इथे पान पडलं की बुरशी आणि वाळवी त्याचा चट्कन निकाल लावतात. जमीन तशी गरीबच. सगळी श्रीमंती उभी आहे, झाडांत.

ही झाडं मेरांतीच्या कुळातली. दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षं गप्प बसतात आणि एखाद्या वर्षी, बहुधा एल निन्योच्या कोरड्या झटक्यानंतर, डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात. मग पंखांची फळं भिंगरीसारखी फिरत खाली येतात. रानडुकरं, खारी, किडे खाऊन खाऊन थकतात, तरी काही बिया उरतात. रोज थोडं दिलं असतं तर सगळंच खाल्लं गेलं असतं.

जळवा मात्र आहेत. एक बुटाच्या लेसवर उभी राहून डोकं फिरवत वास घेत होती. तिला टिचकी मारली.

*

वर पोचल्यावर जंगल बदलतं. समुद्रसपाटीपासून 1,200 मीटरच्या वर मेरांती मागे पडतात. ओक येतात, दालचिनीच्या कुळातली झाडं येतात, खोडांवर शेवाळ चढतं. हवेत गारवा.

ज्या लुई जेम्स फ्रेझरचं नाव या टेकडीला आहे तो स्कॉटिश, कथिलाचा व्यापारी, खेचरांचे तांडे बाळगून असलेला. अफू आणि जुगाराचा अड्डा चालवायचा, अशीही वदंता. एक दिवस तो नाहीसा झाला. 1917 साली सिंगापूरचा बिशप त्याला शोधत वर आला. फ्रेझर सापडला नाही. थंड हवा सापडली. बिशपने खाली जाऊन सरकारला कळवलं, की साहेबांच्या उन्हाळ्याची सोय होईल. 1922मध्ये गाव खुलं झालं. माथेरान ठाण्याच्या कलेक्टरला, ह्यू मॅलेटला, 1850 साली सापडलं तेही असंच. उकाड्यात शिजणारा साहेब उंचावर गेला की त्याला पहिलं काय सुचतं, हे दोन्हीकडे सारखंच.

दगडी घड्याळ-मनोरा, त्याभोवती वेली, पोस्ट ऑफिस, पक्ष्यांची चित्रं रंगवलेल्या भिंती. इथे 1988पासून पक्षी मोजण्याची स्पर्धा भरते. दुर्बिणीवालं म्हातारं जोडपं एका कुंपणाकडे टक लावून होतं. कुंपणावर पिवळ्या-तांबड्या रंगाचे, गाल चंदेरी असलेले पक्षी, चिमण्यांइतके धीट. जोडप्याने मला हाताने दाबून खाली बसवलं. ओळख-पाळख काही नाही.

*

सियामांग ऐकला, दिसला नाही. हा काळा, लांब हातांचा गिबन. नर-मादी मिळून ओरडतात. गळ्याची पिशवी फुगवून आधी घुमणारा खोल आवाज, मग त्यावर चढत जाणारी किंकाळी, मग दोन्ही एकदम. दोन-तीन किलोमीटरवरून ऐकू येतो. समोरच्या दरीतून आवाज येत होता, मागच्या डोंगरावरून उत्तर. चहाच्या टपरीतल्या पोराने मानही वर केली नाही.

इंजिन चालू असतं तर हे ऐकूच आलं नसतं. मोटरसायकलने जंगलात गेलं की आपण मोकळ्या हवेत असतो, वास येतात, गारवा बदलतो तो गुडघ्याला कळतो. त्या बाबतीत काच लावलेल्या गाडीपेक्षा कितीतरी बरं. पण कानांचा पुरता बळी जातो. घाट चढण्याचा आनंद मला आहे आणि राहील. तो आनंद घाटाचा, वळणांचा आणि गिअरचा. त्याला जंगलाचा आनंद म्हणू नये.

*

दोन वाजले आणि दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं. सकाळभर तापलेल्या हवेचे ढग डोंगरावर चढले आणि फुटले. इथला पाऊस चाहूल देत नाही. आपला सह्याद्रीतला पाऊस आधी वारा पाठवतो, मातीचा वास पाठवतो. मग भुरभुर, मग सर. इथे कोरडा रस्ता आणि धो-धो यांच्यात एका वळणाचं अंतर.

गंमत म्हणजे आकड्यांत आपण वरचढ आहोत. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. क्वालालंपूरला अडीच हजारांच्या घरात. पण आंबोलीचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत संपतो आणि मग जंगलाला आठ महिने शिलकीवर काढावे लागतात. इथे कोरडा असा महिनाच नाही. वर्षावन किती पावसाने होतं यापेक्षा पाऊस किती महिने रजेवर जातो, यावर ठरतं. म्हणूनच इथे पानगळ नाही, वसंत नाही, मोहोराची ठरलेली तारीख नाही.

उतारावर पाऊस थांबल्यानंतरही झाडांखाली बराच वेळ पडतच राहिला. थेंब जाडे, हेल्मेटवर ठकठक वाजणारे. वळणावर ओली पानं. दुसरा गिअर, पुढचा ब्रेक बेताने. एका वळणावर बांबूचं बेट रस्त्यावर झुकलेलं होतं, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने आधी मला जाऊ दिलं आणि हात केला.

*

"वाघ दिसला का?" आईचा पहिला प्रश्न.

नाही. मलायाचे रानटी वाघ दीडशेच्याही आत उरलेत. ताडोबाला जाऊन दोन तासांत वाघ बघून येणाऱ्या आपल्या लोकांना हे पटत नाही. आईलाही पटलं नाही. एवढं मोठं जंगल आणि वाघ नाही, म्हणजे मी नीट बघितलं नाही, असा तिचा निष्कर्ष.

*

त्यानंतर सगळ्यांना घेऊन केपोंगला गेलो, मलेशियाच्या वनसंशोधन संस्थेच्या रानात. शहराला लागूनच. खोडं उंच, खाली अंधार, चालायला वाटा, रातकिडे. लेक म्हणाली, "बाबा, तुझं जंगल असंच होतं का?" अगदी असंच, आणि तरी हे माणसाने लावलेलं. कथिलाच्या खाणकामाने आणि भाजीच्या मळ्यांनी उजाड केलेल्या जमिनीवर 1920च्या दशकापासून एकेक जात आणून लावली. शंभर वर्षांत हे झालं. 2025 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. डोंगरातलं खरं जंगल मला रस्त्यावरून लपून राहिलं आणि हे लावलेलं जंगल आईला आतून दिसलं.

इथे कापूरची झाडं आहेत. वर बघितलं तर शेजारशेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना लागत नाहीत. मधे आभाळाच्या बारीक नद्या सोडलेल्या. सगळे तेवढ्यासाठीच येतात आणि आडवे पडून फोटो काढतात. मी आईला दुसरंच सांगितलं: भीमसेनी कापूर म्हणायचे तो या झाडाचा. खोडाच्या चिरांत त्याचे खडे मिळतात, पण मोजक्याच झाडांत. ते शोधायला पूर्वी झाडंच्या झाडं पाडत. शेकडो वर्षं तो इकडून जहाजांनी आपल्याकडे येत होता. आरतीला आपण जाळतो तो आता टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो.

आईने खाली पडलेलं एक पान उचललं, चुरगाळलं, हुंगलं.

"रॉकेलसारखा येतोय."

मग दुसरं पान चुरगाळून पुन्हा हुंगलं, आणि लेकीच्या नाकाशी धरलं. "आता येतोय बघ." लेकीने मान्य केलं नाही.

*

कुणाला जायचं असेल तर. आंतरराष्ट्रीय परवाना पुण्यातच काढा, त्यावर मोटरसायकलचा वर्ग आहे ना ते पाहा. प्रवासविम्यात दुचाकीचं कलम वाचा. बहुतेक वेळा अटी असतात आणि त्या छोट्या अक्षरांत असतात. सकाळी सातला निघा. रेनकोट नको, घामाने आतून भिजतो; पातळ जॅकेट आणि कोरड्या कपड्यांची पिशवी बरी. गॅपच्या वर जाण्या-येण्याच्या दिशा दरडींमुळे बदलत असतात, तेव्हा क्वाला कुबू भारूला विचारून घ्या. शाकाहारी असाल तर नासी लमाकच्या चटणीत सुकी मासळी असते. आणि जिथे पायवाट दिसेल तिथे गाडी लावा, स्टँडखाली दगड द्या. कडेची माती भुसभुशीत असते.